बारवेची कलई

खाजा मियाच्या मोरीला कधी शेवाळ धरत नसे. उमरवाडीत ही गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि डोळ्यांसमोरची गोष्ट कोण बघतो? बाकीच्यांच्या मोऱ्या पावसाळ्यात अशा बुळबुळीत होत, की हात धुवायला गेलेला पाहुणा हमखास लोटांगण घालून परत येई. कलईगराची मोरी मात्र बारा महिने लख्ख, दगडावर जराशी निळसर झाक तेवढी. बायका म्हणत, मदीनाबीचा हात घासायला मोठा चांगला. मदीनाबी ही खाजा मियाची बायको. ती ऐकून घेई. फुकटचं कौतुक नाकारण्याइतकी ती खुळी नव्हती.

डोंगरकडा गावाहून बैलगाडी निघाली, की दोन चिलमी ओढून होईस्तोवर उमरवाडी येते. वस्ती लहान, हळदीची शेतं मोठी आणि मधोमध एक दगडी बारव. ती कुणी बांधली हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ती भुतांनी एका रात्रीत बांधली असं सगळे खात्रीने सांगत. एका अंगाने पायऱ्या थेट पाण्यात उतरत, दुसऱ्या अंगाला मोटेची धाव होती. गाव प्यायचं ते हेच पाणी, आणि त्या पाण्यावर वर्षाचे बरेच महिने हिरव्यागार शेवाळाची साय असायची. बायका हाताने ती साय बाजूला सारत, घागर बुडवत आणि घरी जाऊन पाणी फडक्यातून गाळून घेत. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

बारवेच्या काठावर उंबराखाली खाजा मियाची भट्टी होती. त्याच्या बापाचीही तिथंच होती. बसायची रीत ठरलेली, पाठ पाण्याकडे आणि तोंड गावाकडे. पाण्याकडे तोंड केलं तर दुपारनंतरचं ऊन सरळ डोळ्यांत शिरतं, आणि कलईच्या कामात डोळा चुकला की भांडं गेलं म्हणून समजा. मोठ्या हंड्यात वाळू टाकून खाजा मिया त्यात उभा राही आणि कमरेतून असा गरगर फिरे की बघणाऱ्यालाच भोवळ यावी. मग तेजाबाच्या पाण्याने भांडं खळबळायचं, भट्टीवर धरायचं, नवसागराची चिमूट, कथलाचा तुकडा, कापसाच्या बोळ्याचा एक झपाट्याचा फेरा, आणि आतून भांडं चांदण्यासारखं पांढरं होऊन यायचं.

हे सगळं कशासाठी, ते ज्यांच्या घरात तांब्या-पितळेची भांडी आहेत त्यांना सांगायला नको. आतून कलई नसेल तर आंबट काही टिकत नाही. ताक, कढी, चिंचेचं वरण, सगळं कळकतं. हिरवट तुरट चव येते आणि खाणारा पोट धरून बसतो. खाजा मियाच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या एवढंच केलं होतं. तांबं आणि माणसाचं अन्न यांच्यामधे एक पातळ पदर घातला होता.

भाता ओढायला त्यांची एकुलती एक लेक बसायची, जाहेदा. भाता तिच्यापेक्षा मोठा होता, पण ती दोन्ही पाय जमिनीत रोवून असा काही ओढायची की बाप म्हणे, ही पोरगी पुढच्या जन्मी वारा होणार. मौलवीने ऐकलं असतं तर पुढच्या जन्माच्या गोष्टीवरून त्याची चांगलीच हजेरी घेतली असती. भातुकलीसाठी खाजा मियाने तिला मुठीएवढी तांब्याची घागर घडवून आणली होती आणि तिला कलई केली होती, आतूनही आणि बाहेरूनही. बाहेरून कलई करणं म्हणजे शुद्ध उधळेपणा. पण लेकीच्या हातात ती चांदीची दिसावी एवढीच त्याची हौस होती.

भादव्यातल्या एका दुपारी भाता थांबला. खाजा मियाला वाटलं, पोरगी कंटाळून घरी गेली. घरी मदीनाबीला वाटलं, पोरगी बापाजवळ आहे. अंधार पडू लागला तेव्हा दोघांची गाठ पडली आणि मग गाव उठलं. हळदीची शेतं पालथी घातली, ओढा धुंडाळला, ओढ्यापलीकडच्या तांड्यावरून नेमसिंग नाईक आपली माणसं घेऊन आला, वारंग्याच्या रस्त्यापर्यंत गडी पळाले. दमूनभागून खाजा मिया परत आला तो बारवेच्या पायरीवर बसला. हाताने शेवाळ सारून त्याने तोंड धुतलं, दोन ओंजळी पाणी प्यायला. सारलेलं शेवाळ पुन्हा हळूहळू जवळ आलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर आली.

"त्या हिरव्यावर एक सुरकुती नव्हती," एवढं एकच वाक्य खाजा मिया बोलला. त्यानंतर त्याने जाहेदाचं नाव घेतलं नाही, आणि तसं पाहिलं तर दुसरंही फारसं काही बोलला नाही. भरल्या भादव्यात बारव उपसून उपसणार किती? चार मोटा काढल्या, वर गोमूत्र शिंपडलं आणि गावाचं समाधान झालं. शेजारची मंजुळाबाई, जिच्या घरात मातीच्या मडक्यांखेरीज भांडं नव्हतं आणि मायेखेरीज धन नव्हतं, ती मदीनाबीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की पाण्यातल्या साती आसरांनी पोरीला खेळायला नेलं, त्या लेकराला त्रास देत नाहीत. मदीनाबी पाच वेळची नमाजी. आसरा तिच्या देवात बसत नव्हत्या. पण ते बोलणं तिने पदराच्या गाठीला बांधल्यासारखं जपून ठेवलं.

आणि मग तिला ते स्वप्न पडू लागलं. सगळीकडे हिरवा उजेड, कोवळ्या हळदीच्या पानातून ऊन बघावं तसा. सर्वांत खालच्या पायरीवर जाहेदा बसलेली, केस पाण्यात हलकेच हलणारे, आणि पाय रोवून भाता ओढायचं तिचं चाललेलं. भात्यातून ठिणग्या नाही, बुडबुडे निघत. ते एकामागून एक वर जात आणि शेवाळाला आतून लागून थांबत. जाहेदा आपल्या कामात असे. मदीनाबी उठे तेव्हा उशी ओली असे, पण छातीवरचा दगड थोडा सरकलेला असे. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर स्वप्न यायचं थांबेल अशी तिला भीती होती.

जाहेदाचा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी खाजा मियाने कुदळ घेतली. तेजाबाचं धुवण ज्या नाल्यातून उकिरड्याकडे जाई, तो नाला त्याने बुजवला आणि नवा नाला खणून बारवेत सोडला. तेजाबातली भांडी शेवटी जिथे धुतली जात त्या त्याच्या मोरीला शेवाळ का धरत नाही, हा विचार गावात पहिल्यांदा त्यानेच केला होता. तांबं खाल्लेलं पाणी जिथून जातं तिथे हिरवं जगत नाही, हे त्याने ताडलं होतं आणि आता त्याला हिरवं नको होतं. कुठेच नको होतं.

गावचे पाटील उकंडराव नवा नाला बघायला आले. गावच्या पाण्यात कुणी काही सोडतंय म्हटल्यावर येणं त्यांना भागच होतं. खाजा मियाने सांगितलं की तांब्याचं धुवण आहे, पाणी निवळेल. उकंडरावांनी मान डोलावली. तांब्याचं पाणी म्हणजे अमृत, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं पाणी ते उभं आयुष्य पहाटे पीत आले होते, आणि त्यांच्या मते त्यामुळेच त्यांची तब्येत अशी होती. स्वभाव मात्र त्या पाण्याने सुधारला नव्हता. पाटलांनी बरं म्हटल्यावर गावानेही बरं म्हटलं. लोटाभर पाणी गुणाचं तर बारवभर पाणी किती गुणाचं, असा सरळ हिशेब होता.

आधी नाल्याच्या तोंडाशी चटईएवढी जागा मोकळी झाली. तिथलं शेवाळ पिवळं पडलं, मग पांढरं, मग जुन्या फडक्यासारखं विरून खाली गेलं. चटईची सतरंजी झाली. पण खाजा मियाला तेवढ्यानं धीर निघेना. हिंगोलीच्या बाजारातून तो मोरचुदाचे खडे घेऊन आला, निळे, मोरपिसासारखे सुंदर. जखमेवर लावतात तेच ते. फडक्यात बांधून ती पुरचुंडी त्याने दोरीने पाण्यात सोडली, आणि विरघळली की नवी सोडू लागला. कुणी विचारलं तर म्हणे, तांब्याचाच खडा आहे. खोटं नव्हतं ते.

होळीच्या सुमारास बारव आरशासारखी निवळली.

सगळं गाव बघायला लोटलं. कधी कुणी न पाहिलेल्या खालच्या पायऱ्या दिसू लागल्या. तळाशी दगडात कोरलेलं एक कासव होतं, ते भुतांनीच कोरलं असणार यावर सगळ्यांचं एकमत झालं. म्हातारी नानीबाई काठावरून वाकून बघत होती, ती एकदम ओरडली की तो कोपऱ्यातला तांब्या आपल्या लग्नातला आहे आणि आपल्या सासूने तो विकला असा आळ आपण तिच्यावर सासू मरेपर्यंत घेतला. लोक हसले, आणि हसणाऱ्यांत खाजा मियाही होता. मदीनाबीने वळून बघितलं. केवढ्या दिवसांनी तो आवाज तिच्या कानावर पडला होता.

मग तिने त्याची नजर जिथे लागली होती तिकडे पाहिलं. कासवाच्या पाठीशी, शेवटच्या पायरीला टेकून, मुठीएवढी घागर पडली होती. वरून येणाऱ्या उन्हात ती चांदीसारखी चमकत होती. ती घागर भरायलाच पोरगी उतरली होती तर.

त्या दिवशी खाजा मियाने पोटभर भाकर खाल्ली. पुढे रोज सकाळी तो पायरीवर जाऊन बसू लागला, खाली बघू लागला. जाहेदाची कबर ओढ्याकाठी होती, तिथे तो जात नसे, इथेच येई. मदीनाबी एकदा म्हणाली की कुणा पोहणाऱ्याला सांगून घागर वर काढू या. तो म्हणाला, "असू दे तिथंच. तिची हाय." आणि उठून कामाला लागला, गाणं गुणगुणत. नवरा परत मिळाला होता, मदीनाबीने अल्लाचे आभार मानले. तिचं स्वप्न मात्र थांबलं होतं. पाणी निवळलं तशी जाहेदा यायची बंद झाली होती. मदीनाबी डोळे मिटी आणि समोर नुसतं स्वच्छ पाणी येई, तळापर्यंत दिसणारं, आणि त्यात कुणीही नसे.

उन्हाळा चढला तसं आणखी काही काही बंद झालं. बेडूक ओरडेनासे झाले. मासे पोट वर करून तरंगले, लोक म्हणाले ऊन फार आहे. पायऱ्यांना चिकटलेल्या गोगलगायी गळून पडल्या, त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. मग गावात ओकाऱ्या सुरू झाल्या. लेकरांना आधी, मग म्हाताऱ्यांना. पोटात कळा, तोंडाला तुरट चव, अन्नाची शिसारी. लक्षणं ओळखीची होती आणि गावाने ती बरोबर ओळखली. भांडी कळकलीत. दूरदेशी पेटलेल्या मोठ्या लढाईमुळे समुद्रापलीकडून येणारं कथील आटलं होतं, घरोघरच्या हंड्यांची कलई उडाली होती, तांबं उघडं पडलं होतं. आणखी काय असणार?

खाजा मियाने हे ऐकलं आणि आढ्याला लपवून ठेवलेली कथलाची शेवटची लगड काढली. सगळ्या गावाची भांडी त्याने कलई करून दिली, एका कवडीला हात लावला नाही. भाता आता मदीनाबी ओढत होती. भट्टीपुढे घामाने निथळत तो म्हणाला की लेकरं बरी झाली पाहिजेत, आणि तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिने तोंड फिरवून घेतलं. भांडी लख्ख झाली. धुवण नेहमीप्रमाणे नाल्यातून बारवेत गेलं.

लेकरं काही बरी झाली नाहीत. मंजुळाबाईची नात रुख्मी तर अगदी काडी झाली. रुख्मी जाहेदाच्याच वयाची, भातुकलीतली तिची सोबतीण. मदीनाबी तिला बघायला गेली तेव्हा पोर भिंतीला टेकून बसली होती आणि मंजुळाबाई तिला वरणाचं पाणी पाजायला बघत होती. पोर तोंड वळवत होती. "बघ गं, खातच न्हाई," म्हणून मंजुळाबाईने वाटी मदीनाबीच्या हातात दिली. मदीनाबीने बोट बुडवून जिभेला लावलं.

कलईगराच्या घरात नांदलेल्या बाईला ती चव सांगावी लागत नाही. तिने चुलीकडे पाहिलं. चुलीवर मडकं होतं. कोनाड्यात मडकं होतं. पाण्याचं भांडं म्हणजे तेही मडकंच. या घरात तांब्याचा तुकडा कधी आलाच नव्हता, मग कळकलं काय?

त्या दुपारी मदीनाबी घरी गेली ती थेट नाही. ती बारवेच्या काठावर जाऊन बसली. इतकं सुंदर पाणी तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. उन्हाच्या रेघा तळापर्यंत जाऊन कासवाच्या पाठीवर हलत होत्या, घागर चमकत होती, आणि त्या एवढ्या मोठ्या पाण्यात एक किडासुद्धा वळवळत नव्हता. सांगावं, तर हे पाणी जाणार, हिरवं परत येणार, घागर झाकली जाणार आणि तिचा नवरा पुन्हा तसाच मुका होऊन भिंतीकडे बघत बसणार. न सांगावं, तर रुख्मी जाणार. यात निवड ती कसली, असं तुम्ही आम्ही म्हणू. तिला ती करायची होती. त्यात आणखी एक काटा होता. हिरवं परत यावं असं तिला मनातून वाटत होतं ते रुख्मीसाठी की आपल्या स्वप्नासाठी, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. म्हणून तिला स्वतःच्या तोंडाचाही भरवसा वाटेना. आपण सांगायचं नाही, त्याच्या जिभेलाच सांगू द्यायचं, असं ठरवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिने मंजुळाबाईकडून एक कोरं मडकं आणलं. रोजच्या जेवणात दबून राहणारी चव आंबटात उघडी पडावी म्हणून त्यात बारवेच्या पाण्यात भरपूर चिंच घालून वरण शिजवलं आणि नवऱ्याला वाढलं. खाजा मियाने भाकर मोडली, पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला.

"कोन्त्या भांड्यात शिजवलंस?"

"काहून?"

"कळकलंय. कलई राहून गेली आसंल त्याची. आन इकडं."

मदीनाबीने चुलीवरचं मडकं उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. खाजा मियाने आत बघितलं, बाहेरून हात फिरवला, पुन्हा आत बघितलं. माती होती ती. त्याने दुसरा घास घेतला, जिभेवर धरून ठेवला. त्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला.

"मंजुळामायच्या घरीबी मडकंच हाय," मदीनाबी म्हणाली. "भांडं न्हाई कळकलं. बारव कळकली."

त्याने मडक्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग हसल्यासारखं करून म्हणाला, "आता काय बारवेला कलई करू?"

"व्हती की तिला कलई. हिरवी व्हती. आपुन खरवडून काढली."

आपुन म्हणाली ती. तुमी म्हणाली नाही. खाजा मियाने ताट बाजूला सारलं. हात न धुताच तो उंबऱ्यावर जाऊन बसला आणि बारवेकडे बघत म्हणाला, "हिरवं आलं म्हंजी ती मला दिसायची न्हाई, मदीना."

आणि मग मदीनाबीने ती गाठ सोडली. "मला दिसते," ती म्हणाली. "मला हिरव्यातच दिसते. सपनात. पानी निवळलं तवापासून येत न्हाई."

खाजा मियाने वळून तिच्याकडे पाहिलं. "काय करती?"

"भाता ओढती."

तो रडला. इतके दिवस साठलेलं ते, वेळ लागायचाच. मदीनाबी त्याच्या शेजारी बसून राहिली, चुलीत लाकूड जळून गेलं तरी उठली नाही.

संध्याकाळी त्याने पुरचुंडी पाण्यातून काढली, नाला बुजवला आणि पारावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की बारवेचं पाणी पिऊ नका, ते मी नासवलंय. आधी कुणाला खरंच वाटेना. तांब्याने पाणी नासतं म्हणजे काय? मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला आणि आवाज चढले. दोघाचौघांनी त्याला गावाबाहेर काढण्याची भाषा केली. तेव्हा मंजुळाबाई पुढे झाली. तिची नात घरात अर्धमेली पडली होती, तेव्हा बोलायचा पहिला हक्क तिचा होता. ती म्हणाली, त्याचं लेकरू बुडालं तेव्हा सगळं गाव हळदीत होतं, बारवेकडं तोंड करून बसलेलं एक माणूस असतं तर आज ना ती पोर गेली असती ना हे झालं असतं. गावाबाहेर काढण्याची भाषा तिथंच विरली. उकंडरावांनी नेमसिंगकडे निरोप धाडला. तांड्याच्या विहिरीचं पाणी उमरवाडीला खुलं झालं, आणि पाटील दुसऱ्या दिवसापासून गुपचूप मातीच्या लोटक्यातलं पाणी पिऊ लागले.

तांड्याच्या पाण्यावर रुख्मी हळूहळू सावरली. एके दिवशी तिने आपणहून भाकर मागितली तेव्हा मंजुळाबाईने ती बातमी आधी कलईगराच्या दारात जाऊन सांगितली.

वैशाखात गावाने बारव उपसली, या खेपेला तळापर्यंत. तळाचा गाळ निळसर होता, तो बरड माळावर नेऊन टाकला, तिथे नंतर काटेरी झुडूपसुद्धा उगवलं नाही. गाळ काढायला सर्वांत आधी खाजा मिया उतरला. कासवामागची घागर त्याने उचलली आणि उजेडात धरली. कलई कुठेच नव्हती. वरून बघताना चमकत होती ते सगळं पाण्याचं आणि उन्हाचं काम. हातात आलं ते उघडं, गुलाबी तांबं, जागोजागी खाल्लेलं. त्याने ती सदऱ्याच्या खिशात घातली आणि पुन्हा फावडं घेतलं.

झरे फुटले, पाणी भरलं, पण हिरवं काही येईना. खाजा मियाने डोंगरकड्याच्या तळ्यातून हंडीभर शेवाळ आणून पायरीवर सोडलं. ते पिवळं पडलं, मग पांढरं, मग विरून गेलं. दगडांच्या सांध्यांत तांबं अजून दडून होतं, पाण्याने अजून माफ केलं नव्हतं. गाव म्हणालं, जाऊ दे, शेवाळ काय पेरायची गोष्ट आहे? तो रोज पायरीवर जाऊन बघत राहिला. पावसाळा मध्यावर आला, पाणी चढलं, पुन्हा मोटा चालवल्या, पुन्हा पाणी भरलं. आणि मग एका सकाळी मदीनाबीला तो भट्टी पेटवताना दिसला. कथील तर गावात उरलंच नव्हतं. त्याने जुने वापरलेले कापसाचे बोळे गोळा केले होते आणि त्यांना चिकटलेले कण तापवून तापवून वाटाण्याएवढा थेंब जमवला होता. तेवढ्यात एवढीशी घागर होते. त्याने ती आतून कलई केली, आणि उरलेल्यात बाहेरूनही. मदीनाबी न सांगता भात्यावर बसली.

घागर घेऊन तो तळ्यावर गेला आणि तिच्यात मूठभर शेवाळ घेऊन आला. दोघं मिळून पायऱ्या उतरली. ज्या माणसाला जगात कुठेच हिरवं नको होतं, त्याने ते बोटांनी अलगद सोडवून पाण्यात ठेवलं, झोपलेल्या लेकराचे केस सारावेत तसं. रिकामी घागर त्याने पाण्यात सोडली. ती तिरपी झाली, भरली आणि खाली गेली.

हे शेवाळ जगलं. आधी पायरीच्या कडेला बोटभर हिरवी रेघ दिसली, मग दगडांच्या सांध्यांत, मग पोळ्याच्या आसपास पाण्यावर साय धरली. एक बेडूक ओरडला आणि बायका घागरी भरायच्या थांबून हसल्या. घागर कुठे आहे ते आता दिसत नव्हतं. खाजा मिया पायरीवर बसून त्या हिरव्याकडे बघे, आणि कधीतरी त्याच्यावर एखादा बुडबुडा येऊन फुटला की मदीनाबीकडे बघे. ती मान हलवी. होय, येते. कालही आली होती.

धुवणासाठी त्याने माळावर खड्डा खणला आणि पाणी डोक्यावर वाहून तिथे ओतू लागला. भट्टी उंबराखालीच राहिली. फक्त त्याने ती उलटी मांडली, पाठ गावाकडे आणि तोंड बारवेकडे. बापजाद्यांची रीत मोडली म्हणून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. दुपारनंतर ऊन त्याच्या डोळ्यांत शिरे, डोळे बारीक करून तो काम करी, एखादं भांडं बिघडेही.

रुख्मी कळशी घेऊन आली ती उंबराशी थांबली. "खाजाचाचा, इकडं तोंड करून काहून बसून राहिले? ऊन येतंय की डोळ्यांवर."

"येऊ दे," खाजा मिया म्हणाला. "तू हळू उतर. शेवाळ हाय."